पाते-कारागिरांच्या व्यावसायिक संघटना

चाकू, सुरी, विळा, कोयता, कुऱ्हाड, अडकित्ता, वस्तरा इ. धारेची हत्यारे हाताने घडविणाऱ्या कारागिरांनी आपल्या धंद्याचे नियमन, कौशल्याची पारख, कच्च्या मालाची तरतूद व परस्परसाहाय्य यांसाठी उभारलेल्या संस्था. प्राचीन भारतातील श्रेणी, मध्ययुगीन यूरोपातील गिल्ड, गावगाड्यातील बलुतेदारी व तिला जोडून असलेली जातपंचायत, विसाव्या शतकातील सहकारी संस्था आणि मागणीबरहुकूम सुऱ्या करणाऱ्या आधुनिक कारागिरांचे संघ ही या संघटनेची निरनिराळी रूपे होत. प्रस्तुत नोंदीत या रूपांचा सामान्य इतिहास दिला असून चिमूर व त्याभोवतालच्या चंद्रपूर-गडचिरोली या वनप्रदेशातील लोहारांच्या संदर्भात अशा सभासदत्वाचे मोल काय, याचा विचार केला आहे.

संघटनेची गरज : पात्याचा गुण डोळ्यांना दिसत नाही. कापडाचा पोत बोटांना कळतो, मडक्याचा आवाज कानाला कळतो. पण पात्याला पाणी कसे दिले आहे, हे विकत घेताना समजत नाही. पोलाद लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडविले म्हणजे ते कठीण होते, पण त्याचबरोबर ठिसूळही होते. हा ठिसूळपणा घालविण्यासाठी ते पुन्हा मंद आचेवर तापवावे लागते. या दोन क्रियांत थोडी जरी चूक झाली, तरी पाते एक तर वाकते किंवा दगडावर आपटताच त्याची कपरी उडते. शिवाय धारेच्या जागी पोलाद आणि पाठीला मऊ लोखंड असा जोड दिलेला असेल, तर तो कानशीने घासून गुळगुळीत केल्यावर कसा बसला आहे हे सांगणे कठीण असते. म्हणून पाते घेणारा मनुष्य खरे तर पाते घेत नसून घडविणाऱ्याचा शब्द घेत असतो. तो शब्द खरा मानावा यासाठी कोणीतरी हमी द्यावी लागते. ही हमी कोण देतो, या एका प्रश्नाभोवती पाते-कारागिरांच्या संघटनांचा बहुतेक इतिहास फिरतो.

प्राचीन काळ : विदर्भातील लोहकाम फार जुने आहे. नागपूर परिसरातील टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इ. महापाषाणयुगीन स्थळांच्या उत्खननांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर व घोड्यांच्या लगामांचे भाग मिळाले आहेत. नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली. ही संस्कृती इ. स. पू. पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धातील आहे. या काळातील लोहकारांची संघटना कशी होती, हे सांगणारा लेखी पुरावा नाही. मात्र पुढे सातवाहन-क्षत्रप काळात महाराष्ट्रातील कारागीर श्रेणींत संघटित झालेले दिसतात. नासिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे २,००० व १,००० कार्षापणे ठेवल्याचा व त्यांवर दरमहा शेकडा एक व पाऊण याप्रमाणे व्याज ठरल्याचा उल्लेख आहे. जुन्नरच्या लेखांत कासारांच्या आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणी आढळतात. श्रेणी ही केवळ धंदेवाल्यांची बैठक नव्हती. तिच्याकडे कायमची ठेव ठेवावी इतकी तिची पत होती आणि ती एका माणसाच्या आयुष्यापेक्षा अधिक काळ टिकेल, असा लोकांचा विश्वास होता.

यूरोपातील गिल्ड : पाते-कारागिरांच्या संघटनेचा सर्वांत सलग इतिहास इंग्लंड व जर्मनीत मिळतो. लंडनमधील सुरीकारांच्या संघाचे नियम १३४४ मध्ये नमूद झाले आणि १४१६ मध्ये पाचव्या हेन्रीने त्यास सनद दिली. शेफील्ड व भोवतालच्या हॅलमशर भागासाठी १६२४ मध्ये पार्लमेंटने कायदा करून ‘कंपनी ऑफ कटलर्स’ स्थापिली. या कायद्याच्या नावातच सुऱ्या, विळे, मोठ्या कातऱ्या व लहान कातऱ्या यांचा उल्लेख आहे. म्हणजे शेतकऱ्याचे हत्यार करणारा लोहार आणि शहरी सुरीकार यांना एकाच संघात जागा होती. संघाचा कारभार एक प्रमुख, दोन वॉर्डन, सहा तपासनीस व चोवीस साहाय्यक अशा तेहतीस जणांकडे असे. सात वर्षांची उमेदवारी, धारेला पोलादच वापरण्याचा दंडक आणि प्रत्येक सभासदास स्वतंत्र ठसा ही त्याची मुख्य अंगे होत. ठसा संघाच्या वहीत नोंदलेला असे व दुसऱ्याने तो वापरल्यास दंड होई. पाते दूरदेशी गेले, तरी ठशावरून कर्ता ओळखता येई.

जर्मनीत झोलिंगेन येथे तलवारीच्या धंद्यात श्रमविभागानुसार वेगवेगळी गिल्डे निर्माण झाली. पाणी देणारे व धार लावणारे यांचे गिल्ड १४०१ मध्ये, तलवारी घडविणाऱ्यांचे १४७२ मध्ये व सुरीकारांचे १५७१ मध्ये मान्य झाले. गिल्डे मोडल्यानंतरही गावाच्या नावाची पत टिकून राहिली. झोलिंगेन हे नाव कोणत्या मालावर घालता येईल, हे १९३८ पासून कायद्यानेच ठरलेले आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. गिल्डाबाहेरच्या माणसास धंदा करण्यास मज्जाव होता. उमेदवारांच्या संख्येवर मर्यादा घालून सभासद आपली मिळकत राखीत. शेफील्डमध्ये १८१४ च्या कायद्याने ही मक्तेदारी संपली व कोणासही धंदा करण्याची मोकळीक मिळाली. त्यानंतर कारागिरांनी कामगारसंघ काढले. धार लावणाऱ्यांना दगडाच्या धुळीमुळे फुप्फुसांचा रोग होऊन ऐन उमेदीत मृत्यू येई. त्यामुळे आजारपण व बेकारी यांत मदत देणाऱ्या या संघांची निकड मोठी होती. तथापि वर्गणी न देणाऱ्याच्या चाकाचे पट्टे पळविणे, त्याची हत्यारे नाहीशी करणे आणि क्वचित घरात स्फोट घडविणे येथपर्यंत काही संघांची मजल गेली. १८६७ मध्ये याची शासकीय चौकशी झाली. सभासदत्व हे ऐच्छिक राहिले नाही, की संघटनेचे रूपांतर जुलमात होते, याचे हे ठळक उदाहरण होय.

चिमूर परिसरातील जुनी व्यवस्था : चिमूर हे चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागातील, १९४२ च्या लढ्यामुळे प्रसिद्ध असलेले गाव. त्याच्या पूर्वेस सिंदेवाही-ब्रह्मपुरीचा भातपट्टा, दक्षिणेस ताडोबाचे जंगल आणि त्यापलीकडे वैनगंगा ओलांडल्यावर आजच्या गडचिरोली जिल्ह्याचा (स्थापना १९८२) दाट वनप्रदेश आहे. भात, बांबू, मोह, तेंदू व लाकूड यांवर जगणाऱ्या या मुलखात धारेच्या हत्याराविना एक दिवसही चालत नाही. भात कापण्यास विळा, लाकूड तोडण्यास कुऱ्हाड, बुरडास बांबू चिरण्यासाठी सुरी, सुतारास वासला, घरात पावशी असे प्रत्येक कामाचे वेगळे पाते असते. सिंदेवाहीजवळ लोहारा येथे आणि गडचिरोलीत सुरजागड येथे उत्तम प्रतीचे लोहखनिज असल्याने येथील लोहारांस धातूही जवळच मिळे. मातीच्या लहान भट्टीत लोणारी कोळशावर खनिज गाळून लोखंडाचा गोळा काढणे आणि त्यास ठोकून हत्यारे घडविणे ही कामे या भागात एकोणिसाव्या शतकापर्यंत चालत होती.

गावात लोहार हा बलुतेदार होता आणि बलुतेदारांमध्ये त्याचे स्थान पहिल्या ओळीत असे. त्रिं. ना. आत्रे यांच्या गावगाडा (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आहे. मध्य प्रांतातील जातिजमातींविषयी रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथानुसार शेजारच्या वर्धा जिल्ह्यात लोहारास चार बैलांच्या नांगरामागे वर्षाला सु. ५० पौंड धान्य मिळे. या मोबदल्यात त्याने फाळ, विळे व कुऱ्हाडी दुरुस्त करावयाच्या व पाजवावयाच्या. नवे हत्यार हवे असल्यास त्याचे वेगळे दाम द्यावे किंवा निदान लोखंड व कोळसा पुरवावा, अशी रीत होती.

या रीतीत पात्याची हमी कशी मिळे, हे पाहण्यासारखे आहे. घेणारा व घडविणारा एकाच गावात राहत. विळा वाकला, तर कुणबी दुसऱ्या दिवशी सकाळी भात्याशी येऊन उभा राही आणि सुगीच्या वेळी बलुते देताना त्याची आठवण काढी. लोहारही प्रत्येकाच्या हाताची ठेवण, डावा-उजवा वापर व शेताची माती जाणून वजन आणि वाक ठरवी. आज पाश्चात्त्य देशांत मागणीबरहुकूम सुरी करणाऱ्यास कलावंताचा मान मिळतो. चिमूरकडील लोहाराचे तर प्रत्येक पाते मागणीबरहुकूम असे. या व्यवस्थेत ठशाची गरज नव्हती, कारण ओळख हाच ठसा होता.

धंद्यापलीकडच्या बाबी जातपंचायत पाहत असे. सोयरीक, दंड, एका लोहाराने दुसऱ्याचे गिऱ्हाईक तोडल्याची तक्रार, विधवा व पोरक्या मुलांची व्यवस्था असे प्रश्न तिच्यापुढे येत. गावाचे काम कोणी करावयाचे याचा हक्क वारसाने चाले आणि त्याला पंचायतीचा पाठिंबा असे. पोटाची शाश्वती देणारी ही संघटना होती. पण तिचे सभासदत्व जन्माने मिळे, कौशल्याने नव्हे. मुलगा बापाचे काम पाहत शिके. मात्र त्याचे पाते पारखून तो तयार झाला असे जाहीर करणारी कोणतीही परीक्षा नव्हती. जो चांगले पाणी देई त्याला आणि जो कसेबसे काम उरकी त्यालाही बलुते सारखेच. घरातील स्त्रिया भाता चालवीत, प्रसंगी घणही मारीत. परंतु पंचायतीत त्यांना स्थान नव्हते. घिसाडी, गाडी लोहार अशा फिरत्या कारागिरांचा गावच्या या हक्कात समावेश नसे. पंचायतीचे वाळीत टाकण्याचे हत्यार तर पुष्कळदा अन्यायाचे ठरले. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा २०१६ चा अधिनियम त्याच अनुभवातून आलेला आहे.

ऱ्हास : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तीन गोष्टी एकदम घडल्या. वरोड्यापर्यंत आगगाडी आली व तिच्याबरोबर विलायती पट्टीचे लोखंड स्वस्त दरात आले. १८७८ च्या वन अधिनियमानुसार जंगले राखीव झाली आणि कोळसा पाडण्यावर निर्बंध आले. खनिज गाळणाऱ्यांचा धंदा यामुळे बुडाला. याच सुमारास लोहाऱ्याच्या खनिजाची कीर्ती मोठ्या उद्योगाच्या कानी पोचली. रिटर फोन श्वार्ट्‌झ यांचा चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाविषयीचा अहवाल १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या वाचनात आला व पोलादाच्या कारखान्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली. मात्र वरोड्याचा कोळसा त्या कामास योग्य ठरला नाही आणि पुढे हा उद्योग पूर्व भारतात उभा राहिला. ज्या खनिजावर येथील लोहार पिढ्यान्‌पिढ्या जगले, त्यासंबंधीच्या या सर्व घडामोडींत लोहारांच्या वतीने बोलणारी एकही संस्था नव्हती. जातपंचायत न्यायनिवाडा करू शकत होती. सरकारपुढे अर्ज करणे, कोळशाचा हक्क मागणे किंवा दर ठरविणे ही कामे तिच्या कक्षेबाहेरची होती.

मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली, रोख पैशाचा व्यवहार वाढला व बलुत्याची रीत हळूहळू मोडली. बाजारात कारखान्यातील विळे व सुऱ्या आल्या. भातपट्ट्यात दातेरी विळ्याचा प्रसार झाल्यावर धार लावून घेण्याचे कामही घटले. लोहार आठवडी बाजारात व यात्रांत माल मांडू लागला. घेणारा आता अनोळखी होता. ओळखीची जुनी हमी संपली होती आणि ठशाची नवी हमी निर्माण झालेली नव्हती.

ग्रामोद्योग व सहकार : महात्मा गांधींच्या प्रेरणेने डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस होते. खेड्यातील कारागिराच्या अवजारांत सुधारणा करणे, त्याला शिक्षण देणे व त्याचा माल लोकांपुढे आणणे हे या संघाचे कार्य होते. १९३८ मध्ये उघडलेले मगन संग्रहालय त्याचाच भाग होय. चिमूर वर्ध्यापासून फार दूर नसल्याने या विचाराचा परिणाम या भागावर झाला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रचारातही ग्रामोद्योगास मोठे स्थान होते.

स्वातंत्र्यानंतर खादी व ग्रामोद्योग आयोग (१९५७) आणि महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळ यांनी लोहारकाम-सुतारकाम यांस साहाय्य दिले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली तालुक्यातालुक्यांत ग्रामीण कारागिरांच्या, लोकांत बलुतेदार संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सहकारी संस्था निघाल्या. लोहार, सुतार, चांभार, कुंभार, बुरूड असे सर्व एका संस्थेत सभासद असत. भाग घेऊन सभासद व्हावे, हत्यारांसाठी व कच्च्या मालासाठी कर्ज मिळवावे आणि ते हप्त्यांनी फेडावे असे त्यांचे स्वरूप होते. जन्माऐवजी धंद्यावर सभासदत्व ठरविणे हा या संस्थांचा मोठा गुण. परंतु अनेक धंदे एकत्र असल्याने पात्याचा दर्जा, उमेदवारी, ठसा यांकडे लक्ष देणे त्यांना शक्य झाले नाही. कर्जवाटप हेच मुख्य काम राहिले. वसुली थकली की संस्थाही थकली. सभासद म्हणून नाव बहुधा कुटुंबातील कर्त्या पुरुषाचे लागे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेत लोहार व अस्त्रकार यांसह १८ धंद्यांचा अंतर्भाव असून प्रशिक्षण, १५,००० रुपयांचे हत्यारसाहाय्य व ५ टक्के व्याजाने कर्ज यांची तरतूद आहे. ही योजना कारागिरास ओळखपत्र देते. पण त्याच्या पात्याची पारख करणारी त्याच्याच बरोबरीची मंडळी निर्माण करणे हे कोणत्याही शासकीय योजनेचे काम नव्हे.

आधुनिक संघ : अशी बरोबरीच्यांची पारख अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने उभी राहिली. तेथे १९७० मध्ये ‘नाइफमेकर्स गिल्ड’ स्थापन झाले. हाताने घडाई करणाऱ्यांची संख्या रोडावलेली पाहून विल्यम मोरान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ काढली. तिच्यात उमेदवार, प्रवीण व उस्ताद अशा तीन पायऱ्या आहेत. प्रवीण होऊ इच्छिणाऱ्याने स्वतः घडविलेल्या पात्याने टांगलेला एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडावा लागतो, लाकडाच्या जाड फळ्या तोडाव्या लागतात, त्यानंतरही त्याच धारेने केस उतरले पाहिजेत आणि अखेर ते पाते शिकंजात धरून काटकोनात वाकविले असता मोडता कामा नये. कठीण धार व चिवट पाठ यांची परीक्षा याहून सोपी व निःसंदिग्ध क्वचितच असेल. उस्तादाच्या परीक्षेत निदान ३०० थरांच्या दमास्कस पोलादाचा खंजीर सादर करावा लागतो. पात्यावर पदवीची अक्षरे कोरण्याचा अधिकार परीक्षा उतरल्यावरच मिळतो. या सोसायटीच्या अनेक सभासदांचे आवडते द्रव्य म्हणजे मोटारीच्या कमानीचे पोलाद. आपल्याकडील लोहारही जुन्या ट्रकच्या कमानपाट्यापासूनच कोयते व कुऱ्हाडी घडवितो. द्रव्य एकाच जातीचे असून दोन्ही पात्यांच्या किंमतीत जे अंतर पडते, त्याचे एक मोठे कारण त्या कोरलेल्या अक्षरांत आहे.

सभासदत्वाचे मोल : वरील इतिहासावरून व्यावसायिक संघटनेच्या सभासदत्वाचे चार फायदे स्पष्ट होतात. पहिला, ज्ञानाचा : पाणी देण्यासारखी बापाकडून मुलाला मिळणारी विद्या एका घराबाहेर पसरते व ते घर थांबले तरी बुडत नाही. दुसरा, नावाचा : ठशामुळे चांगल्या कारागिरास त्याच्या कामाचे श्रेय व दाम मिळते. तिसरा, आधाराचा : कोळसा, पोलाद व कर्ज एकत्रितपणे मिळविता येते आणि आजारपणात कुटुंब उघडे पडत नाही. चौथा, वाणीचा : शासन, न्यायालय व बाजार यांच्यापुढे धंद्याची बाजू मांडता येते. या चौथ्याचे महत्त्व कायद्यांतूनही दिसते. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांत मोडतात. मात्र केवळ घरगुती, शेतकी, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगासाठी केलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. एखादा कोयता शेतकीचा की अन्य कामाचा असा वाद निघाल्यास एकट्या लोहाराच्या सांगण्यापेक्षा मान्यताप्राप्त संघाच्या नोंदीस अधिक वजन राहील. भौगोलिक निर्देशनाचा १९९९ चा कायदाही उत्पादकांच्या संघाला किंवा त्यांच्या हिताचे प्रतिनिधित्व करणाऱ्या संस्थेलाच अर्ज करू देतो. मीरतच्या कातरीस २०१३ मध्ये असे संरक्षण लाभले. एकट्यादुकट्या कारागिरास ते मागताही आले नसते.

उलट बाजूस, सभासदत्व जन्मावर ठरले तर संघटना जात बनते, सक्तीचे झाले तर जुलूम होतो आणि केवळ कर्जापुरते राहिले तर हप्त्यांबरोबर संपते. चिमूर परिसराने यांपैकी पहिला व तिसरा प्रकार अनुभवला आहे. कौशल्यावर आधारलेले, स्त्रिया व फिरत्या कारागिरांना खुले आणि स्वतःचा ठसा राखणारे सभासदत्व येथे रुजलेले नाही. त्यास लागणारी सामग्री मात्र बरीचशी हाताशी आहे. भात्याजवळ बसून पात्याचा रंग पाहून पाणी देणारे जाणते लोहार अद्याप गावोगाव आहेत. वनहक्क अधिनियम, २००६ नुसार सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा गडचिरोलीत मोठ्या संख्येने असून बांबू तोडण्यास त्यांना दर हंगामात हत्यारे लागतात. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात शिकणाऱ्या कारागिरांना चांगल्या सुऱ्यांची सतत गरज असते. परीक्षा घेणारे जाणकार, पाते पारखून घेणारे गिऱ्हाईक आणि ठसा नोंदणारी वही या तीन गोष्टींवर शेफील्डच्या संघाचीही उभारणी झाली होती. यांपैकी पहिल्या दोन येथे आहेत. तिसरी उघडणे हे कारागिरांच्या स्वतःच्या हातचे काम आहे.